सहा मीटरांचा नरकासुर आणि गेममधला मीटर

गेल्या दिवाळीच्या दोन दिवस आधी, रात्री साडेअकराच्या सुमारास, आमच्या गोव्यातल्या वाड्यावर दिवाळीसाठी उभारलेल्या नरकासुराच्या पुतळ्याचा उजवा पाय गुडघ्याच्या गाठीपाशी बाहेरच्या बाजूला वाकला आणि सहा मीटर उंचीचा तो बांबूचा सांगाडा, तलवारीचा हात अर्धवट वर उचललेल्या स्थितीत, सावकाश खाली बसला. हाताचा दोर ओढणारी मुले मागे बऱ्याच अंतरावर उभी होती, म्हणून कोणालाही इजा झाली नाही. माझा भाचा नववीत शिकतो. या नरकासुराची सगळी रचना त्याने महिनाभर खपून आधी संगणकावर केली होती. तो माझ्याजवळ आला आणि इतकेच म्हणाला, "मामा, गेममध्ये तर उभा राहिला होता."

त्या वाक्याचे नीट उत्तर मला त्या रात्री देता आले नाही. मी फोंड्याजवळ राहतो आणि इमारतींचे आराखडे तपासण्याचे काम करतो, त्यामुळे बांबूचा पाय का वाकला हे मला कळत होते. परंतु गेममध्ये तो का वाकला नाही, हे सांगण्यासाठी गेमच्या आतले गणित समजून घ्यावे लागले. त्यात पुढचे काही महिने गेले, आणि ते सगळे इतके रंजक निघाले की येथे सविस्तर लिहावेसे वाटले.

त्याने वापरलेला गेम म्हणजे अल्गोडू. २००८ साली स्वीडनमधील उमेओ विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याच्या पदव्युत्तर प्रकल्पातून तो 'फन' या नावाने जन्मला. कागदावर चित्र काढावे तशा पेट्या, चाके, दोर, स्प्रिंगा काढायच्या आणि कळ दाबली की त्या गुरुत्वाकर्षणाच्या ताब्यात द्यायच्या, असा हा सॅंडबॉक्स प्रकारचा खेळ आहे; त्यात जिंकणे-हरणे नाही, मांडणे आणि मोडणे आहे. भाच्याने त्यात नरकासुर उभा केला, त्याचा हात दोराने उचलून पाहिला, आणि मग खात्रीसाठी नारळाच्या हिरांची साठ सेंटिमीटर उंचीची प्रतिकृती बनवली. प्रत्येक पाय म्हणजे हिरांची करंगळीएवढी जाड, साधारण एक सेंटिमीटरची जुडी होती. त्या प्रतिकृतीच्या डोक्यावर आम्ही घरातला जाडजूड शब्दकोश ठेवून पाहिला, तरी ती हलली नाही. गेम आणि प्रतिकृती या दोन्ही साक्षीदारांनी एकच सांगितल्यावर शंका घेण्याचे कारण कोणालाच दिसले नाही.

प्रतिकृतीची साक्ष का फसली, हे सांगणे सोपे आहे, कारण ते पावणेचारशे वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. १६३८ साली लायडन येथे छापलेल्या आपल्या ग्रंथात गॅलिलिओने दोन हाडांची आकृती दिली आहे: एक साधे हाड, आणि दुसरे तिप्पट लांबीचे, परंतु तेच काम करता यावे म्हणून बेढब वाटेल इतके जाड केलेले. वस्तू सर्व बाजूंनी दहापट वाढवली की तिच्या पायाचे छेदक्षेत्र शंभरपट वाढते आणि वजन हजारपट वाढते, म्हणून पायाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दहापट भार येतो. आमच्या नरकासुराचे वजन हजारपट वाढले नव्हते, कारण आतून तो पोकळ असतो आणि वर चिकटवायचा कागद दहापट जाड होत नाही. तरीही तीनशे ग्रॅमच्या प्रतिकृतीपुढे तो दीडशे किलोंच्या आसपास, म्हणजे पाचशेपट होता. त्यात पाय मोडला तो चिरडून नव्हे, तर वाकून. उभा खांब वाकण्याआधी किती भार सोसतो हे त्याच्या जाडीच्या चतुर्थ घातावर आणि लांबीच्या व्यस्त वर्गावर अवलंबून असते, हे ऑयलर या गणितज्ञाचे अठराव्या शतकातले सूत्र आम्ही रोज वापरतो. लांबी दहापट आणि भार पाचशेपट धरला, तर तितकीच निर्धोकता राखण्यासाठी पायाची जाडी सुमारे पंधरापट हवी. एक सेंटिमीटरच्या जुडीच्या जागी पंधरा सेंटिमीटर हवे होते. आमच्याजवळ साडेसहा सेंटिमीटरचे दोन-दोन बांबू होते, तेही गुडघ्यापाशी सुंभाने बांधून जोडलेले. शब्दकोश पेलणारी ताकद मोठ्या आकारात कुठे नाहीशी झाली, याचे उत्तर एवढे सरळ आहे.

गेमचे उत्तर इतके सरळ नाही. माझा पहिला तर्क असा होता की अल्गोडूचे जग सपाट, दोन मितींचे असल्यामुळे हा नियम तेथे लागू होत नसावा, परंतु तो तर्क चुकीचा होता. सपाट जगात आकृती दहापट केली की वजन शंभरपट होते आणि पायाची रुंदी दहापट. म्हणजे पायावरचा ताण येथेही दहापटच होतो. गॅलिलिओ सपाट जगातही खराच ठरतो. खरे कारण असे की गेममधला पाय हा साहित्याचा बनलेलाच नसतो. एका तुकड्यात काढलेली पट्टी कितीही लांब असो, ती वाकत नाही, आणि दोन पट्ट्या एकमेकींना जोडल्या की आपण मुद्दाम मर्यादा घातल्याशिवाय तो जोड तुटत नाही. ज्या जगात ताण मोजलाच जात नाही, तेथे तो दहापट झाला काय आणि हजारपट झाला काय, नरकासुर उभाच राहणार.

त्यातही भाच्याने काढलेला नरकासुर सहा मीटरांचा नव्हताच. स्क्रीनभर दिसेल असा तो काढला होता आणि आकडा पाहण्याचे कोणाला सुचले नव्हते. नंतर गेममधली ग्रीड, म्हणजे मापाची चौकटजाळी, चालू करून मोजले, तर उंची साडेतीन मीटर भरली. हे त्याला फार खटकले, आणि त्याचे खटकणे मला योग्य वाटते. कागदावरच्या नकाशाला कोपऱ्यात प्रमाण लिहिलेले असते, आराखड्याला असते. गेममध्ये मात्र चित्र जवळ-दूर करता येते आणि पाहणाऱ्याला मोठे-लहान ओळखण्यासाठी काहीच खूण उरत नाही.

काहीच नाही, असे मात्र नाही. एक खूण उरते, आणि ती वेळेची आहे. आमच्या कुळागरात, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेत, पाडेली माडावर चढून नारळ खाली टाकतो, तेव्हा बारा मीटरांवरून नारळ जमिनीवर यायला सुमारे १.५६ सेकंद लागतात. आकडा माहीत नसला तरी आवाज कधी येणार हे लहानपणापासून ऐकणाऱ्याच्या अंगवळणी पडलेले असते. तोच नारळ सव्वा मीटरावरून पडला तर अर्धा सेकंद पुरतो. उंची दहापट झाली तर वेळ दहापट होत नाही, साधारण सव्वातीनपट होतो, म्हणजे उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. रायबंदरहून चोडणला जाणारी फेरीबोट मांडवीत सावकाश डुलते, आणि तिची पंचविसाव्या हिश्श्याची प्रतिकृती टबात सोडली तर ती पाचपट झपाट्याने डुलते. एकोणिसाव्या शतकात विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने जहाजांच्या प्रतिकृती टाकीत ओढून पाहिल्या, त्यामागे हाच संबंध होता: लांबी बदलली की वेगही वर्गमुळाने बदलावा लागतो, तरच छोट्या जहाजाची लाट मोठ्या जहाजाच्या लाटेसारखी दिसते. वस्तू किती मोठी आहे हे डोळा तिच्या रुंदीवरून ठरवत नाही. ती पडायला, डुलायला, झुकायला किती वेळ घेते यावरून ठरवतो.

गेम बनवणाऱ्यांची खरी अडचण येथे सुरू होते. कितीतरी सपाट गेमच्या आत बॉक्सटूडी नावाचे फिजिक्स इंजिन, म्हणजे वस्तूंच्या हालचालींचा हिशेब करणारा भाग, असते, जे एरिन कॅटो यांनी २००६ मध्ये प्रथम मांडले. अँग्री बर्ड्स हा गेम त्यावरच चालत असे. त्याच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिले आहे की हलत्या वस्तू ०.१ ते १० मीटर एवढ्या असाव्यात, म्हणजे डब्यापासून बसपर्यंत, कारण सगळे आकडे त्या पट्ट्यासाठी जुळवलेले आहेत. नवशिका मात्र हटकून स्क्रीनवरचा एक ठिपका म्हणजे एक मीटर असे धरतो. मग शंभर ठिपके उंचीची साधी पेटी इंजिनच्या दृष्टीने शंभर मीटरांची इमारत होते आणि स्वतःच्या उंचीइतके पडायला साडेचार सेकंद घेते. पाहणाऱ्याला ती पेटी पाण्यात बुडत असल्यासारखी वाटते. नवशिका वेग वाढवायला जातो, तर जुन्या आवृत्त्यांत आणखी एक भिंत आड येते: एका पावलात, म्हणजे इंजिनच्या एका हिशेबात, कोणतीही वस्तू दोन मीटरांपलीकडे सरकू शकत नाही. सेकंदाला साठ पावले धरली तर कमाल वेग १२० मीटर, आणि ठिपका हाच मीटर असेल तर हजार ठिपक्यांची स्क्रीन ओलांडायला आठ सेकंदांहून अधिक. इंजिनमध्ये दोष नसतो. त्याला पेटीऐवजी इमारत सांगितलेली असते.

उलट बाजूने, जाणूनबुजून केलेला बदलही असतो. माइनक्राफ्टमधला एक ठोकळा एक मीटरचा मानतात, आणि तेथे खाली ओढणारे त्वरण सेकंदाच्या वर्गाला ३२ मीटर आहे, पृथ्वीच्या तिपटीहून अधिक. तेथला माणूस सव्वा मीटर उंच उडी मारतो. खऱ्या गुरुत्वाकर्षणात अशी उडी पूर्ण एक सेकंद हवेत राहिली असती आणि बटण दाबणाऱ्याला ती रटाळ वाटली असती, तेथे ती सुमारे ०.६ सेकंदांत संपते. २००६ च्या गॅरीज मॉड या सॅंडबॉक्स गेममधली गोष्ट तर आमच्या कार्यालयात कोणी आराखड्यात केली असती तर मी तो परत पाठवला असता. त्याच्या सोर्स इंजिनमध्ये नकाशासाठी एक एकक म्हणजे पाऊण इंच, आणि माणसांच्या आकृत्यांसाठी तेच एकक म्हणजे एक इंच. ७२ एककांचा खेळाडू एका मापाने सहा फुटांचा आणि दुसऱ्या मापाने साडेचार फुटांचा ठरतो. गुरुत्वाकर्षणाचा आकडा ६०० एकके आहे. पाऊण इंच धरले तर ११.४ आणि एक इंच धरले तर १५.२ मीटर. दोन्हींपैकी काहीही धरले तरी पृथ्वीवरचे ९.८ येत नाही. पडद्यावर पाहताना खोल्या अरुंद वाटू नयेत आणि चालणे संथ वाटू नये, यासाठी ही मापे जुळवलेली असतात, आणि खेळताना ती बरोबर वाटतात हे मी स्वतः अनुभवले आहे.

सर्वांत मोठी तडजोड आकाशाच्या गेममध्ये आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ उतरले त्यानंतर भाच्याने कर्बल स्पेस प्रोग्रॅम हा रॉकेट बांधून उडवण्याचा गेम खेळायला घेतला. त्यातल्या कर्बिन ग्रहाची त्रिज्या ६०० किलोमीटर आहे. पृथ्वीची ६,३७१ किलोमीटर. पृष्ठभागावरचे गुरुत्वाकर्षण मात्र पृथ्वीइतकेच ठेवले आहे. हे दोन्ही एकत्र साधायचे तर ग्रहाची घनता पाण्याच्या ५८ पट व्हावी लागते, आणि ऑस्मियम हा आपल्याला माहीत असलेला सर्वांत दाट धातू २२.६ पटच आहे. अशा ग्रहासाठी साहित्यच अस्तित्वात नाही. याचा फायदा असा की कक्षेत राहण्यासाठी सेकंदाला ७.८ किलोमीटरऐवजी २.३ किलोमीटर पुरतात, आणि एक फेरी दीड तासाऐवजी अर्ध्या तासात होते. फरक तिप्पट वाटतो, परंतु रॉकेटचे गणित गुणाकाराने वाढत जाते. धूर सेकंदाला तीन किलोमीटरने बाहेर फेकणारे इंजिन धरले आणि हवेचा व चढाचा तोटा मोजून गेममध्ये ३.४ व येथे ९.४ किलोमीटरचा वेग मिळवायचा म्हटले, तर गेममधले यान उड्डाणावेळी पोहोचणाऱ्या वजनाच्या तिप्पट असले की भागते, आणि पृथ्वीवर ते तेवीसपट लागते. एवढी सवलत फार झाली म्हणून गेमने इंधनाच्या टाक्या मुद्दाम जड केल्या आहेत: मध्यम आकाराची एक टाकी भरलेली सव्वादोन टनांची आणि रिकामी पाव टनाची, तर खऱ्या रॉकेटच्या टाक्या याहून कितीतरी हलक्या असतात. एक माप बदलले की दुसरे ओढले जाते, आणि मग तिसरे हाताने जुळवावे लागते. आराखड्यात नेमके हेच होते, म्हणून या गेमच्या कर्त्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. त्यांनी ही जुळवाजुळव प्रामाणिकपणे केली आहे.

कोणी विचारेल की संगणक इतका वेगवान असताना खरीच मापे का घालू नयेत. याला दोन अडथळे आहेत. पहिला आकड्यांचा. बहुतेक गेम स्थान साठवण्यासाठी ३२ बिटांची संख्या वापरतात, जिच्यात दशमान पद्धतीने सुमारे सात अंकच नेमके राहतात. पृथ्वीच्या केंद्रापासून अंतर मोजायचे ठरवले, तर ६३,७१,००० मीटरांच्या आकड्यात अर्ध्या मीटरापेक्षा बारीक फरक मावतच नाही. जमिनीवर उभ्या माणसाचे पाऊल अर्धा मीटर इकडे किंवा तिकडे, मधे कुठेच नाही. कर्बिनच्या ६०० किलोमीटरांवरही सहा सेंटिमीटरांच्या उड्या पडतात, आणि जोडलेले दोन भाग सहा सेंटिमीटरांनी उडी मारू लागले की यान थरथरून फुटते. म्हणून तो गेम यानालाच शून्यावर ठेवतो आणि सारे विश्व त्याच्याभोवती सरकवतो. दुसरा अडथळा ताठरपणाचा, आणि माझ्या मते हाच अधिक खोल आहे. पोलादाच्या सळईच्या एका टोकाला दिलेला धक्का सेकंदाला सुमारे पाच हजार मीटर वेगाने दुसऱ्या टोकाकडे जातो. गेम सेकंदात साठ वेळा हिशेब करत असेल, तर दोन हिशेबांच्या मधे तो धक्का ८३ मीटर पुढे निघून गेलेला असतो. मीटरभर लांबीचा तुकडा खऱ्या पोलादाइतका ताठ केला, तर प्रत्येक हिशेबात जोर गरजेपेक्षा जास्त लावला जातो, पुढच्यात उलट दिशेने त्याहून जास्त, आणि चार-सहा पावलांत सगळे उधळते. मोटारींच्या अपघाताचे इतके बारीक चित्रण करणारा बीमएनजी ड्राइव्ह हा गेम सेकंदाला दोन हजार वेळा हिशेब करतो, तरीही धक्का दर पावलाला अडीच मीटर जाणारच. त्यामुळे साहित्य एकतर खऱ्याहून मऊ करावे लागते, नाहीतर अजिबात न वाकणारे. मधला खरा बांबू, जो थोडा वाकतो, कुरकुरतो आणि मग एकदम सोडतो, तो नेमका सुटतो.

टिअरडाउन नावाच्या गेममध्ये दहा सेंटिमीटरच्या घनांनी बांधलेली घरे फोडता येतात. भाच्याने मला त्यातले एक घर दाखवले, ज्याच्या सगळ्या भिंती त्याने खालून कापत आणल्या होत्या. अख्खे दुमजली घर एकाच घनावर तोललेले, स्तब्ध उभे होते. आमच्याकडे चिऱ्याच्या भिंतीतून खिडकीसाठी चार चिरे काढायचे असले तरी आधी टेकू देतात. मी बराच वेळ त्या चित्राकडे पाहत राहिलो. गेममधला घन तुटायचा तो हातोड्याने, वरच्या वजनाने नव्हे. आणि वजनाने तुटणे हेच तर आकाराचे सगळे रहस्य आहे.

यंदा आम्ही आषाढातच सुरुवात केली. घरामागे चिऱ्यांचे दोन ढीग तीन मीटर अंतरावर रचले, त्यावर साडेसहा सेंटिमीटरचा बांबू आडवा टाकला आणि मधोमध वीस लिटरची पाण्याची बादली टांगली. बांबू अकरा मिलिमीटर वाकला. भाच्याने दोऱ्याला पट्टी लावून तीनदा मोजले. मग त्याने अल्गोडूमध्ये तीन मीटरांची पट्टी लहान लहान तुकड्यांत कापली, ते तुकडे स्प्रिंगांनी जोडले, आणि वीस किलो टांगल्यावर ती अकरा मिलिमीटर वाकेपर्यंत स्प्रिंगांचा जोर कमी-जास्त करत राहिला. त्या पट्ट्यांचा, ग्रीडवर मोजून सहा मीटरांचा आणि दीडशे किलोंचा नरकासुर त्याने पुन्हा उभा केला आणि तलवारीचा हात उचलला. या वेळी उजवा पाय गुडघ्यापाशी बाहेर वाकला आणि तो खाली बसला.

भाचा आनंदाने ओरडला नाही. त्याने एका मित्राने त्या रात्री मोबाईलवर घेतलेली चित्रफीत काढली आणि दोन्हींचा वेळ मोजला. गेममध्ये पाय वाकल्यापासून बसेपर्यंत १.३ सेकंद लागतात, चित्रफितीत अडीच. मधला सव्वा सेकंद कुठे गेला, यावर आमचे बोलणे चालू आहे. त्याचे म्हणणे असे की सुंभाच्या गाठी भाराखाली सरकत सरकत सुटतात आणि तेवढ्याने पडणे लांबते. उद्या ओल्या आणि कोरड्या सुंभाच्या प्रत्येकी पाच गाठी बांधून तो त्यांना बादल्या टांगणार आहे.